‘डस्ट’ चहा म्हणजे कारखान्यातला केर? आणि बीपी, ओएफ, पीडी ही अक्षरं नेमकं काय सांगतात?

पावशेर_चहा

सुट्या चहाच्या दुकानात तीन-चार पिंपं असतात. मोठ्या दाण्याची ममरी, मध्यम दाणा, बारीक दाणा आणि रव्याएवढा डस्ट. मोठा दाणा म्हणजे उंची माल आणि डस्ट म्हणजे तळाला उरलेला चुरा, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. पण काही दुकानांत डस्टचाच भाव जास्त असतो. तो का, हे दुकानदार सांगत नाही.

पोत्यांवर बीओपी, बीपी, ओएफ, पीएफ, पीडी अशी अक्षरं असतात. ती दर्जाची आहेत की आणखी कशाची?

माझं मत असं की चहाचा दर्जा कारखान्यात आधीच कुठेतरी ठरत असावा आणि दाण्याचा आकार ही नंतरची गोष्ट असावी. पण मग तो ठरतो कुठे? आसामच्या सीटीसी, म्हणजे यंत्रात फाडून गोल दाणा केलेल्या चहाबद्दल बोलूया, कारण महाराष्ट्रात घरोघरी आणि टपरीवर उकळतो तो बहुतेक तोच. मळ्यातून पान निघाल्यापासून पोत्यात चहा भरेपर्यंत काय काय होतं, हे टप्प्याटप्प्याने कुणी लिहिलं तर फार बरं होईल.

दुपारचे_चार

मी आजवर ऐकलंय त्यानुसार डस्ट म्हणजे चाळणीखाली पडलेली भुकटी. हॉटेलवाले रंग लवकर येतो म्हणून घेतात. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

अर्धाकप

दुपारचे_चार, भुकटी चाळणीखाली पडते हे बरोबर, पण म्हणून तो केर ठरत नाही. सगळाच चहा कुठल्या ना कुठल्या चाळणीखाली पडलेला असतो. एकाच दिवशी, एकाच पानापासून, एकाच ड्रायरमधून निघालेला माल जाळ्यांवरून फिरवतात आणि जो ज्या जाळीवर थांबतो ती त्याची ग्रेड.

अक्षरांचं थोडक्यात असं आहे. सीटीसीमध्ये तीन घराणी. पहिलं ब्रोकन, म्हणजे मोठे दाणे: बीओपी, बीओपीएसएम, बीपी. दुसरं फॅनिंग्ज, म्हणजे मध्यम-बारीक: ओएफ, पीएफ. तिसरं डस्ट: पीडी, डी, सीडी वगैरे. बी म्हणजे ब्रोकन, ओ म्हणजे ऑरेंज, पी म्हणजे पेको (हे पानाचं जुनं व्यापारी नाव), एफ म्हणजे फॅनिंग्ज, डी म्हणजे डस्ट. यातलं एकही अक्षर चव सांगत नाही. उत्तम बागेचा मे-जूनमधला पीडी सुमार बागेच्या पावसाळी बीपीपेक्षा महाग जातो, आणि त्यात व्यापाऱ्याची चलाखी काही नाही. कपात तो खरोखरच सरस असतो.

मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांचा माल बहुतेक गुवाहाटी आणि कोलकाता इथल्या लिलावांतून येतो. कोलकात्याचा लिलाव १८६१ पासूनचा, गुवाहाटीचा १९७० पासूनचा. लिलावाच्या साप्ताहिक अहवालात पश्चिम भारतातल्या खरेदीदारांनी काय उचललं याची वेगळी नोंद असते, इतकी आपल्याकडची मागणी स्वतंत्र मानली जाते. आपल्याकडे कडक, दुधाला पुरून उरणारा आणि रंग देणारा चहा लागतो.

कारखान्याच्या आतलं ब्रह्मपुत्राकाठी यांनी लिहावं अशी विनंती.

ब्रह्मपुत्राकाठी

लिहितो. पण सुरुवात कारखान्याच्या दारापासून करून चालत नाही. दर्जाचा मोठा हिस्सा पान दारात येण्याआधीच ठरलेला असतो.

खुडणी: दोन पानं आणि एक कळी हे आदर्श माप. तिसरं पान कोवळं असेल तर चालतं, त्यापुढे देठ आणि निबर पान वाढत जातं. एकाच झुडपावर पुन्हा खुडायला साधारण ७ ते १० दिवसांनी येतात. हा फेरा लांबला की पान निबर होतं. निबर पानात रस कमी आणि तंतू जास्त. ते तंतू पुढे कुठल्याच यंत्राने रस होत नाहीत, शेवटी चाळताना काढून टाकावे लागतात.

वाहतूक: खुडलेलं पान जिवंत असतं, श्वास घेतं आणि त्यातून उष्णता सोडतं. पोत्यात दाबून भरलं, पोत्यांवर पोती रचली किंवा कुणी पोत्यांवर बसून आलं, तर आतलं पान तापतं, चेचतं आणि लालसर पडतं. म्हणजे जी क्रिया कारखान्यात नियंत्रणाखाली व्हायची ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच सुरू झाली. हे पान पुन्हा हिरवं होत नाही. आज देशातलं निम्म्याहून अधिक पान छोट्या शेतकऱ्यांकडून येतं आणि त्यातलं बरंच मध्यस्थांमार्फत फिरत फिरत विकतच्या पानावर चालणाऱ्या कारखान्यात पोचतं. तिथे हा प्रश्न सर्वांत मोठा. यंत्रं नवी असली तरी माल फिका निघतो, त्याचं कारण बहुतेकदा हेच.

विदरिंग, म्हणजे पान कोमेजवणं: ताज्या पानात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. लांबलचक कुंड्यांवर जाळी असते, जाळीवर पान सैल पसरतात, जाडी साधारण वीतभर, खालून पंख्याने हवा. १२ ते १८ तास. सीटीसीसाठी पाणी ६८ ते ७२ टक्क्यांवर आणतात. हिशेब करून बघा: १०० किलो पानात ७७ टक्के पाणी धरलं तर कोरडा ऐवज २३ किलो. पाणी ७० टक्क्यांवर आलं की वजन सुमारे ७७ किलो उरतं. शेवटी चहात ३ टक्के पाणी राहतं, म्हणजे वजन पावणेचोवीस किलोच्या आसपास, आणि तंतू व सांडलवंड वजा जाता २२ ते २३ किलो चहा हाती येतो. एक किलो चहाला साडेचार किलो पान लागतं असं म्हणतात ते याच हिशेबाने.

पावसाळ्यात पान ओलंचिंब येतं. आधी वरचं पाणी घालवायला हवा थोडी गरम करून सोडतात. पण गरम हवेचा मोह वाढला की कडा करपतात आणि मधला भाग तसाच हिरवा राहतो. अर्धवट सुकलेलं, अर्धवट ओलं असं पान यंत्रात गेलं की पुढचा एकही टप्पा सरळ जात नाही.

गवती

विदरिंगमध्ये नुसतं पाणीच उडवायचं असेल तर १२ तास कशाला? गरम हवेने दोन तासांत होणार नाही का?

रसायनी

गवती, प्रश्न अगदी नेमका आहे. पाणी दोन तासांतही उडवता येईल, पण पानाच्या आत जे घडायला वेळ लागतो ते घडणार नाही. खुडल्यानंतर प्रथिनं तुटून अमिनो आम्लं वाढतात, कॅफीनचं प्रमाण थोडं वाढतं, सुगंधाचे घटक तयार होऊ लागतात आणि पेशींची पटलं सैल होतात. कारखान्यात याला केमिकल विदर म्हणतात आणि पाणी कमी होण्याला फिजिकल विदर. पहिल्यासाठी तास लागतात, दुसऱ्यासाठी हवा. दोन्ही एकत्र जुळवणं हेच विदरिंग सांभाळणाऱ्याचं कसब.

म्हणून पंखा पूर्ण वेळ जोरात ठेवत नाहीत. पाणी हवं तितकं कमी झालं पण तास भरले नाहीत, तर हवा कमी करून पान थंड ठेवतात.

ब्रह्मपुत्राकाठी

रसायनींनी माझं काम हलकं केलं. आता यंत्र.

कोमेजलेलं पान आधी चाळून घेतात. खडे, तारेचे तुकडे, गवत काढायचं आणि चुंबकावरून न्यायचं. एक खिळा सीटीसी रोलरच्या दातांची वाट लावतो. नंतर रोटरव्हेन. हे मांस दळायच्या यंत्रासारखं आडवं पिंप, आत फिरणारी पाती, पान दाबून चेचून पुढे ढकलणारी. आसामातल्या टोकलाईच्या चहा संशोधन केंद्रात इयान मॅकटिअर यांनी ते १९५० च्या दशकात तयार केलं.

मग सीटीसी. क्रश, टिअर, कर्ल या तीन शब्दांची आद्याक्षरं, म्हणजे चेचणं, फाडणं, वळणं. विल्यम मॅककर्चर यांनी १९३० च्या सुमारास वरच्या आसामातल्या अमगुरी बागेत हे यंत्र बनवलं. स्टेनलेस स्टीलचे दोन दातेरी रोलर एकमेकांना जवळपास चिकटून उलट दिशांनी फिरतात. वेगाचं प्रमाण १ ला १०. पहिला मिनिटाला ७० फेरे घेतो, तर दुसरा ७००. हळू फिरणारा पान धरून ठेवतो, वेगाने फिरणारा ते फाडतो. सगळं मर्म या वेगाच्या फरकात आहे. दोन्ही सारख्या वेगाने फिरवले तर पान नुसतं सपाट होईल.

एका पाठोपाठ एक अशी तीन ते पाच यंत्रं, कारखान्याच्या भाषेत तीन कट, चार कट, पाच कट. रोलरवर एका इंचात किती दात, त्यावर दाण्याचा आकार ठरतो. आसामात ८ आणि १० हे नेहमीचे आकडे. मोठा दाणा हवा तर ८, बारीक हवा तर १०. म्हणजे आज ब्रोकन जास्त काढायचे की डस्ट, हा निर्णय व्यवस्थापक बाजार बघून रोलर लावतानाच घेतो. पावशेर_चहा, तुमच्या मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे: बारीक दाणा हा चुकून झालेला चुरा नाही, ठरवून कापलेला माल आहे.

बिघडतं कुठे? दात बोथट झाले की फाडण्याऐवजी दाबणं होतं. पेशी पुरत्या फुटत नाहीत, दाणा गोल व्हायच्या ऐवजी चपटा, पापुद्र्यासारखा पडतो, तंतू वाढतात. असा चहा कपात पातळ लागतो. दोन रोलरमधलं अंतर एका टोकाला जास्त राहिलं की एका बाजूने न कापलेलं पान निसटतं. पान कमी कोमेजलेलं असेल तर लगदा होऊन गोळे पडतात. जास्त कोमेजलेलं असेल तर घर्षणाने तापतं. म्हणून दात ठरावीक तास चालले की रोलर उतरवून धार लावायला लेथवर जातात. चांगल्या कारखान्यात एक पूर्ण संच धार लावून तयार ठेवलेला असतो. हंगामाच्या गर्दीत “अजून दोन दिवस चालवून घेऊ” म्हणणारा कारखाना लिलावात किलोमागे भाव गमावतो.

शेवटच्या कटानंतर फिरत्या पिंपातून नेतात, त्याला गुगी म्हणतात. तिथे कापलेलं पान घोळून घोळून दाणा घट्ट आणि गोल होतो.

दुपारचे_चार

वेगातला फरक हे पहिल्यांदाच कळलं. मी डस्टबद्दलचं मत मागे घेतो. वाचतोय, पुढचं येऊ द्या.

कोराच_बरा

सगळं मान्य, पण इतकं फाडून चिंधड्या केल्यावर चहाचा स्वभाव तो काय राहणार? सीटीसीला रंग असतो, सुगंध नसतो. कोरा चहा प्यायचा तर ऑर्थोडॉक्सच, म्हणजे पान न फाडता पिळून केलेला. पान अख्खं दिसतं, भिजल्यावर उमलतं. उंची चहा तोच, हे मान्य करायला हरकत नसावी.

निलगिरीकर

कोराच_बरा, सुगंधाबद्दल सहमत, ‘उंची’ या शब्दाबद्दल नाही. ऑर्थोडॉक्सची रीत थोडक्यात सांगतो म्हणजे फरक कळेल.

कोमेजवणं जास्त खोल, पाणी ६० ते ६५ टक्क्यांपर्यंत. कारण पान फाडायचं नसतं, पिळायचं असतं. ओलं पान पिळलं तर तुटतं आणि रस गळून जातो. गोल मेजावर उंचवटे असतात, वर पानाने भरलेलं नळकांडं गोल फिरतं, वरून झाकणाचा दाब. पहिली फेरी दाबाशिवाय, नंतर दाब वाढवत आणि मध्येमध्ये सैल सोडत, कारण सतत दाबलं तर पान तापतं. प्रत्येक फेरीनंतर चाळायचं, सुटलेलं बारीक पान ऑक्सिडेशनला (हवेत तांबूस व्हायला) पाठवायचं आणि राहिलेलं जाडं पुन्हा मेजावर.

यातून अख्खं पान, ब्रोकन, फॅनिंग्ज आणि डस्ट, चारही निघतात. एफओपी, टीजीएफओपी ही लांबलचक नावं इथली. त्यातली टी आणि जी ही अक्षरं सोनेरी टोकं, म्हणजे कळ्या, किती दिसतात ते सांगतात. इथे मात्र ग्रेडमध्ये आकाराच्या जोडीला दिसणंही येतं. तरीही चवीची हमी नाहीच. भरपूर सोनेरी टोकं असलेला चहा कपात मचूळ निघू शकतो.

आणि हो, ऑर्थोडॉक्स दुधात उकळून बघा. दुधाखाली पार हरवून जातो. जो चहा ज्या कपासाठी केलाय त्या कपात त्याची परीक्षा व्हावी.

कोराच_बरा

दुधाचा मुद्दा मान्य. पण सुगंध कमी का होतो, हे कुणी सांगेल का? माझा मूळ आक्षेप तोच होता.

रसायनी

सांगते. त्यासाठी ऑक्सिडेशन समजून घ्यावं लागेल. कारखान्यात सगळे त्याला फर्मेंटेशन म्हणतात, पण यात जंतूंचं काही काम नाही. उलट जंतू आले तर माल बिघडतो.

पानाच्या पेशीत कॅटेचिन (तुरट पॉलिफिनॉल) एका कप्प्यात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) दुसऱ्या. पेशी फुटली की दोघं भेटतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि हिरव्याचं तांबूस होऊ लागतं. आधी थिआफ्लेविन तयार होतात. सोनेरी-नारिंगी, चहाला चमक आणि जिभेवरची तरतरी देणारी. पुढे थिआरुबिजिन, लालसर-तपकिरी, रंग आणि भरीवपणा देणारी. थिआफ्लेविन एका टप्प्यापर्यंत वाढतात आणि मग कमी होऊ लागतात, थिआरुबिजिन वाढतच जातात. म्हणून वेळ चुकवली की रंग गडद होतो आणि चमक जाते.

सीटीसीत जवळजवळ सगळ्या पेशी एकदम फुटतात. क्रिया झपाट्याने होते, पाऊण ते दीड तासात पुरी. ऑर्थोडॉक्समध्ये पेशी कमी आणि हळूहळू फुटतात, दोन-तीन तास लागतात. सुगंधाच्या घटकांना खोल विदरिंग आणि हा सावकाशपणा मानवतो. सीटीसीत ते मागे पडतात आणि थिआफ्लेविन-थिआरुबिजिन भरपूर मिळतात. दुधातलं केसीन हे प्रथिन पॉलिफिनॉलना धरून ठेवतं आणि तुरटपणा कमी करतं. ज्या चहात हे घटक मुळात जास्त, तोच दूध घातल्यावरही चव राखतो. तेव्हा कोराच_बरा, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण सीटीसी त्यामुळे हलका ठरत नाही.

घरी बघण्यासारखं एक: चांगला कोरा चहा काचेच्या ग्लासात पूर्ण थंड होऊ द्या. गढूळ, सायीसारखा झाला तर आनंद माना. थिआफ्लेविन, थिआरुबिजिन आणि कॅफीन यांची गार पाण्यात न विरघळणारी जोडणी होते, म्हणून तो गढुळतो. फिका चहा थंड होऊनही नितळ राहतो.

ब्रह्मपुत्राकाठी

उत्तम लिहिलंय. कारखान्याच्या बाजूने भर घालतो. ऑक्सिडेशनच्या खोलीत तापमान २४ ते २९ अंश आणि हवेत ९० टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो. फरशीवर किंवा ट्रेमध्ये पातळ थर पसरतात, किंवा सरकत्या पट्ट्याच्या यंत्रात खालून हवा देतात. थर जाड झाला की आतला ऑक्सिजन संपतो आणि उष्णता साठते. वरचा थर तांबूस आणि आतला काळपट. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात तापमान तिशीच्या वर गेलं की घड्याळ लावून चालत नाही, वेळ कमी करावी लागते. जुना माणूस रंग बघून आणि वास घेऊन सांगतो: हिरवट, कापलेल्या गवताचा वास जाऊन पिकल्या फळासारखा गोड वास आला की ड्रायर.

स्वच्छता हा कंटाळवाणा वाटणारा पण फार मोठा विषय. फरशीच्या भेगांत, रोलरच्या कोपऱ्यांत, पट्ट्याखाली रस सुकून राहिला की पावसाळ्यात त्यात जंतू वाढतात. चहाला आंबूस झाक येते. यंत्रं रोज धुतलीच पाहिजेत.

ड्रायर: सीटीसीसाठी फ्लुइड बेड. छिद्रांच्या पट्टीखालून १२० ते १४० अंशांची हवा इतक्या जोरात येते की दाणे तरंगत पुढे सरकतात. विकराचं काम थांबवायचं आणि पाणी ३ टक्क्यांच्या आसपास आणायचं, पंधरा-वीस मिनिटांत. इथल्या चुका कपात लगेच ओळखू येतात:

हवा कमी गरम किंवा माल जास्त भरला, तर दाणा ओलसर उबेत शिजत राहतो आणि चहा उकडल्यासारखा बोथट लागतो.

सुरुवातीलाच अति गरम, तर बाहेरून कवच धरतं आणि आत पाणी अडकतं. असा चहा कारखान्यात छान दिसतो आणि दोन महिन्यांनी पोत्यातच चव गमावतो.

शेवटी जास्त वेळ, तर भाजका वास. करपट चहाला काही लोक कडक म्हणतात, पण तो कडकपणा नव्हे.

अर्धाकप

आता चाळणी, कारण धागा तिच्यावरूनच सुरू झाला.

ड्रायरमधून आलेला माल गार करून आधी तंतू काढतात. पीव्हीसीचे रोलर घर्षणाने विजेचा भार धरतात. कोरडे हलके तंतू त्यांना चिकटतात, जड दाणे खाली राहतात. साधी युक्ती, पण सीटीसीचा देखणेपणा बराचसा यावर. मग एकाखाली एक जाळ्या असलेले थरथरणारे चाळे. जाळीचा क्रमांक म्हणजे एका इंचात किती भोकं. क्रमांक वाढला की भोक बारीक.

जास्त वेळा चाळलं की दाणे एकमेकांवर घासून वरची काळी झळाळी उडते आणि माल राखाडी पडतो. दुकानात दाणा राखाडी दिसला तर तो एक तर खूप हाताळलेला आहे किंवा जुना आहे.

डस्टमध्ये दोन जाती समजून घ्या. पहिल्या फेरीत सरळ जाळीतून आलेला, जड, काळा, गोल दाण्याचा डस्ट. हा प्राथमिक. पीडी बहुधा यातला. दुसरा, काढलेल्या तंतूंमधून आणि राहिलेल्या मालातून पुन्हा कापून-चाळून काढलेला. हा दुय्यम, तपकिरी, हलका, तंतुमय. स्वस्त डस्ट म्हणून जो बदनाम झाला तो हा. दोन्हींच्या पिंपावर ‘डस्ट’ एवढीच पाटी असते आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

खरा केर, म्हणजे झाडलोट, तंतू, वाया गेलेला माल, याला चहा कचरा म्हणतात आणि तो चहा म्हणून विकायला बंदी आहे. त्यासाठी १९५९ पासून स्वतंत्र सरकारी आदेश आहे. हा माल कॅफीन काढण्यासारख्या कामांना जातो.

गवती

बारीक चहात चुंबक फिरवला की काळे कण चिकटतात, असे व्हिडिओ येतात. लोखंडाचा चुरा मिसळतात म्हणे?

अर्धाकप

रोलरचे दात झिजतात तेव्हा धातूचे सूक्ष्म कण पानात जातात. म्हणून चाळणीच्या आणि भरणीच्या मार्गावर जागोजागी चुंबक असतात. ते पुसले नाहीत तर कण पुढे जातात. बारीक ग्रेडमध्ये ते जास्त सापडतात, कारण तेही त्याच जाळीतून खाली येतात. अगदी थोडे कण झिजेचे. चुंबकावर जाड थर आला तर तो चहा परत करा. अन्नसुरक्षा नियमांत या कणांना मर्यादा आहे, आणि चांगले पॅकर भरण्याआधी पुन्हा चुंबकावरून नेतात.

रंगाची भेसळ बघायची तर ओल्या टिपकागदावर चिमूटभर चहा टाकायचा. लगेच लाल-केशरी फराटे उमटले तर रंग मिसळलेला. मात्र अर्धा तास ठेवून बघू नका, चांगला चहाही तेवढ्या वेळात फिकट तपकिरी डाग सोडतो.

आलंवेलची

थोडं अवांतर, पण इतके जाणकार जमलेत म्हणून विचारते. डस्टचा चहा केला की आल्याने दूध फाटतं आणि मोठ्या दाण्याने फाटत नाही, असं होतं का? गुळाच्या चहाचंही तसंच.

रसायनी

दाण्याचा संबंध जवळजवळ नाही. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, ते दुधातल्या केसीनवर हल्ला करतं. आलं आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळलं की विकर मरतं, मग दूध घाला. गुळात थोडी आम्लता असते, म्हणून दूध घालून उकळत असताना गूळ टाकू नका. आच बंद करून शेवटी विरघळवा.

डस्टचा संबंध एवढाच की त्याचा अर्क लवकर उतरतो. मोठ्या दाण्याइतका वेळ उकळला की कडवट होतो. डस्ट असेल तर चहा शेवटी टाका, एक-दीड मिनिट पुरे.

दुपारचे_चार

म्हणजे टपरीवर सतत उकळणाऱ्या पातेल्यासाठी मोठा दाणा बरा आणि कपड्याच्या गाळणीतून झटपट काढायला डस्ट बरा?

निलगिरीकर

हो, आणि दक्षिणेत डस्टला इतकी मागणी का, याचं उत्तरही हेच. तिथे चहाचा अर्क वेगळा, झटपट काढतात आणि दूध नंतर मिसळतात. त्या रीतीला बारीक दाणाच लागतो. गुजरातेत आणि आपल्याकडे पाणी-दूध-साखर एकत्र उकळायची रीत, म्हणून जाड ममरी.

पावशेर_चहा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला असं कळलंय: आकार रोलरवर आणि चाळणीवर, दर्जा खुडणी ते ड्रायर. पण दुकानात उभं राहून मला खुडणी दिसत नाही. मग ओळखायचं कसं?

अर्धाकप

आधी नजरेने आणि बोटांनी. दाणा काळा-तपकिरी, झळाळी असलेला, एकसारखा. चिमटीत दाबला तर कडक लागावा, पापुद्रे निघू नयेत. लालसर काड्या जितक्या कमी तितकं बरं. मूठभर घेऊन नाकाशी धरा. गोडसर वास हवा, कुबट किंवा करपट नको.

मग पन्नास-पन्नास ग्रॅमचे दोन-तीन नमुने घरी आणून एकत्र चाखा. आंतरराष्ट्रीय मापाप्रमाणे १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, झाकून ६ मिनिटं. चमच्याने मोजू नका. एक चमचा डस्ट एक चमचा मोठ्या दाण्यापेक्षा वजनाला जास्त भरतो आणि तुलना तिथेच फसते. गाळून रंग बघा, घोट घ्या, नंतर प्रत्येकात सारखंच थोडं दूध घालून पुन्हा बघा. दूध घातल्यावर उजळ सोनेरी-तांबूस रंग आला तर उत्तम. राखाडी, मातकट आला तर ऑक्सिडेशन किंवा ड्रायर चुकलाय.

ब्रह्मपुत्राकाठी

गाळणीतला चोथा फेकू नका, बशीत पसरून बघा. नव्या तांब्याच्या नाण्यासारखा उजळ असेल तर कारखाना नीट चाललाय. हिरवे ठिपके दिसले तर विदरिंग असमान किंवा ऑक्सिडेशन कच्चं. काळपट, मंद दिसला तर वेळ ओलांडली किंवा माल उकडला. चाखणारे तज्ज्ञ कपाइतकाच वेळ या चोथ्याला देतात.

कोराच_बरा

आणि हंगाम? माझ्या मते मार्च-एप्रिलचा पहिला बहर घ्यावा.

ब्रह्मपुत्राकाठी

दार्जिलिंगसाठी ठीक. आसामच्या दुधाच्या चहाला मे-जूनचा दुसरा बहर. पान भरीव असतं, रंग आणि जोर दोन्ही मिळतात. जुलै ते सप्टेंबर माल सर्वांत जास्त आणि सर्वांत पातळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पुन्हा थोडा सुगंध येतो. हिवाळ्यात छाटणी. थंडीत उरलंसुरलं निबर पान कारखान्यात जाऊ नये म्हणून २०२४ मध्ये चहा मंडळाने आसामात ३० नोव्हेंबरला खुडणी बंद करायला लावली.

पावशेर_चहा

म्हणजे दुसऱ्या बहराचा माल आपल्याकडे दुकानात केव्हा येतो?

अर्धाकप

लिलाव, वाहतूक आणि मिश्रण धरून जुलै-ऑगस्टपासून विचारायला लागा. सुटा घेत असाल तर दुकानदाराला बाग आणि महिना विचारा, पोत्यावर बागेचं नाव, ग्रेड आणि बीजक क्रमांक छापलेला असतो. एकदम दोन-तीन किलो घेऊ नका. आपल्या पावसाळी हवेत उघडा चहा झपाट्याने दमट होतो आणि पाणी ६ टक्क्यांच्या वर गेलं की तरतरी जाते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, मसाल्यांपासून लांब, आणि महिनाभर पुरेल एवढाच माल.